रत्नागिरीत तीन रात्री, पाच माणसं, गाडी नाही: खोली कुठे घ्यावी?

शेवंतीची_वेणी

नमस्कार मंडळी,

२३ जानेवारी (शुक्रवार) ते २६ जानेवारी (सोमवार) रत्नागिरीला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं, ११ आणि ८ वर्षांची. सासूबाईंचं वय ७२, गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. डोंबिवलीहून ट्रेनने येणार, स्वतःची गाडी नाही.

थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग आणि एक दिवस गणपतीपुळे, एवढं नक्की करायचंय. मुलांना समुद्र हवाच. खोलीसाठी रोजचे जास्तीत जास्त तीन हजार. फोन करून तीन दर घेतलेत:

१) रेल्वे स्टेशनच्या बाजूला लॉज, दोन डबल रूम, प्रत्येकी १,१००.
२) एसटी स्टँडजवळ चार खाटांची फॅमिली रूम, २,४०० अधिक एका जादा गादीचे ३००. एसी नाही.
३) भाट्याच्या बाजूला किनाऱ्याजवळ कॉटेज, ३,५००.

पहिला सगळ्यात स्वस्त दिसतोय. तोच घ्यावा का? आणि खोली ठरवण्याआधी काय काय विचारून घेऊ?

---

जांभा_चिरा

शेवंतीताई, पहिला घेऊ नका. तो स्वस्त दिसतो, पण पडत नाही.

रत्नागिरी स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटर लांब आहे. तुम्ही पाच जण. रिक्षात तीन बसतात, म्हणजे प्रत्येक वेळी दोन रिक्षा. एका रिक्षाचे दोनशे धरले तरी गावात जाऊन परत येण्याचे दिवसाला आठशे. स्टेशनच्या लॉजवर दुसऱ्या पर्यायापेक्षा तुमचे रोजचे पाचशे वाचतात आणि आठशे रिक्षात जातात. त्यात दुपारी सासूबाईंना तासभर पडायचं म्हटलं तर आणखी एक फेरी. बसची गर्दी चालणार असेल तर स्टेशनवरून शहर बसही मिळते, पण सामान आणि गुडघेदुखी सांभाळून रोज दोनदा ते होत नाही.

या गावात खोलीच्या दराआधी खोलीची जागा बघायची. चार टापू धरा.

स्टँड आणि बाजारपेठ: टिळक आळी, पतितपावन मंदिर, खानावळी, औषधाचं दुकान, सगळं हाताशी. एसटी पकडायला रिक्षा लागत नाही. तोटा म्हणजे आवाज. पहाटेपासून गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, म्हणून खोली मागच्या बाजूची मागा. दुसरा तोटा जिन्याचा. इथली बरीच जुनी लॉज खाली दुकानं आणि वर खोल्या अशी आहेत, लिफ्ट नाही, आणि जिना अरुंद, उभ्या पायऱ्यांचा. ‘पहिला मजला’ ऐकून निश्चिंत होऊ नका, पायऱ्या किती ते विचारा.

मारुती मंदिर ते साळवी स्टॉप: गावाचा वरचा, नवा भाग. इमारती नव्या, लिफ्ट असण्याची शक्यता जास्त, रस्ते रुंद. बाजारपेठेत उतरणं सोपं, परत चढ आहे. सासूबाईंना चालवणार नाही, पण रिक्षा सतत मिळतात आणि अंतर थोडं आहे. स्टँडजवळ लिफ्टवाली खोली मिळाली नाही तर इथेच बघा.

मांडवी आणि भाट्ये: समुद्र जवळ, संध्याकाळ सुंदर. पण सकाळी चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी गावात यावं लागतं. स्वतःची गाडी असेल तर भाट्ये उत्तम, नसेल तर नाही.

स्टेशन आणि कुवारबाव: रात्री-अपरात्री गाडीतून उतरून सकाळी पुढे जाणाऱ्यांसाठी. तीन रात्रींसाठी नाही.

म्हणजे तुमचा दुसरा पर्याय योग्य, जिना परवडत असेल तर. फोनवर हे विचारून घ्या:

पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, असेल तर वीज गेल्यावर चालते का. बहुतेक ठिकाणी इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात. लिफ्ट आणि गिझर जनरेटर असेल तरच.

संडास कमोडचा की देशी. गुडघेदुखीवाल्या माणसासाठी हा पहिल्या तीनांतला प्रश्न आहे आणि लोक नेमका हाच विसरतात.

गरम पाणी कशावर. सोलरवर असेल तर भरलेल्या लॉजमध्ये साडेआठ-नऊनंतर कोमट येतं, पाच जणांनी आधी उरकावं लागतं. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर असेल तर बादली भरायला वेळ लागतो, नळ बारीक सोडावा लागतो. आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल, वर हवा जायला झरोका नसेल, तर ती खोली घेऊच नका. त्यात कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि बंद बाथरूममध्ये माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर आणि फक्त पाइप आत असेल तर चालेल.

खिडक्यांना जाळी आहे का. जानेवारीत एसीची गरज नाही, रात्री हवा छान असते. पण खिडकी उघडी टाकायची तर डासांसाठी जाळी हवीच. एसीचे पैसे वाचवायचे ते इथे.

पोचल्यावर पैसे भरायच्या आधी खोली बघा. दार उघडल्या उघडल्या कुबट वास आला तर कपाट उघडून मागची भिंत हाताने चाचपा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बंद खोलीची भिंत ओल धरते आणि अशा खोलीत मुलांचा खोकला सुरू होतो. मग गादीचा कोपरा उचला, चादर बाजूला करा आणि शिवणीत बघा. मिरीची पूड सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. दुसरी खोली मागा, त्याच भिंतीला लागून असलेली नको.

---

समुद्रफेण

जांभाभाऊंचं गणित बरोबर, पण मला वाटतं पहिल्या दोन रात्री गणपतीपुळ्याला आणि शेवटची रत्नागिरीत असं केलं तर मुलांना समुद्र भरपूर मिळेल. संस्थानाचं भक्तनिवास आहे, एमटीडीसीचं निवास आहे, घरगुती राहण्याच्या सोयीही पुष्कळ आहेत. सासूबाईंना सकाळी शांतपणे दर्शन घेता येईल आणि शाकाहारी जेवणाची तिथे अजिबात अडचण नाही.

---

जांभा_चिरा

@समुद्रफेण, एरवी मीही हेच सुचवलं असतं. पण तारखा बघा. २२ ला गुरुवारी माघी गणेश जयंती, लगेच शनिवार-रविवार, त्याला २६ जानेवारी जोडलेली. पुळ्याला वर्षातल्या सगळ्यात जास्त गर्दीचे हे दिवस. दर चढलेले असणार, आणि तीन हजारांत पाच माणसांची सोय झालीच तर मंदिरापासून लांब होईल, म्हणजे पुन्हा रिक्षा. शिवाय सामान घेऊन मुक्काम हलवायचा तर एक दुपार त्यातच जाते. रत्नागिरीत राहून सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परतणं यांना सोयीचं.

---

समुद्रफेण

तारखांचं मान्य, गणेश जयंती माझ्या लक्षात आली नाही. मग एका दिवसाच्या फेरीबद्दल सांगतो.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला दोन रस्ते. आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता साधारण २५ किलोमीटर. निवळीवरून हायवेने गेलं तर बरंच लांब पडतं. चौकशीच्या खिडकीवर नुसतं ‘पुळ्याची गाडी किती वाजता’ असं विचारू नका, ‘आरे-वारे मार्गे कोणती’ असं विचारा. जवळच्या गावांच्या आणि शहराच्या गाड्यांसाठी रहाटाघरचा स्टँड आहे, लांब पल्ल्याच्या मुख्य स्टँडवरून. गाडी नेमकी कुठून सुटते ते आदल्या संध्याकाळीच पक्कं करा आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळही तेव्हाच लिहून घ्या. जाताना डावीकडच्या खिडक्या धरा. वारेच्या चढावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात.

आता समुद्राचं. आमच्याकडे भरतीचा हिशोब तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. रविवारी २५ ला रथसप्तमी. सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे पूर्ण भरती संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास आणि पूर्ण ओहोटी सकाळी अकराच्या सुमारास. शनिवारी षष्ठी, तेव्हा भरती साडेचारला. अर्धा तास इकडे-तिकडे होतं, पण आखणीला पुरतं.

पाण्यात उतरायचं ते पाणी चढत असताना, म्हणजे रविवारी दुपारी एक ते चारच्या दरम्यान. पाणी उतरताना ते ओढ घेऊन आत जातं आणि घोटाभर पाण्यातल्या मुलाच्या पायाखालची वाळूसुद्धा सरकते. पुळ्याचा किनारा वरून सपाट वाटला तरी पुढे एकदम खोल होतो. मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, आणि जीवरक्षकाची शिट्टी वाजली की लगेच बाहेर. भाट्याला काजळी नदीच्या मुखाकडचा भाग तर पूर्ण टाळा, खाडीचं पाणी आणि समुद्राचं पाणी तिथे एकमेकांना ढकलतात. मांडवीची काळी वाळू बघायला आणि बसायला छान, पोहायला नाही.

आणि सकाळी साडेसातपर्यंत मंदिरात पोचा. दहानंतर रांग उन्हात येते आणि सासूबाईंना उभं राहवणार नाही. दर्शनानंतर मालगुंड दीड-दोन किलोमीटरवर, तिथे केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे. वेळ असेल तर जरूर जा. मराठी कविता शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ते घर बघावं असं मला मनापासून वाटतं.

---

हिशोबाची_वही

पैशांच्या बाजूने काही गोष्टी.

तुमची २,४०० अधिक ३०० म्हणजे २,७०० ची खोली. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर आता ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. २,७०० वर १३५, एकूण २,८३५. कोणी अजून १२ टक्के लावत असेल तर विचारा. छोट्या घरगुती निवासवाल्यांची जीएसटी नोंदणी नसते, त्यांना कर लावताच येत नाही, बिल मात्र साधं का होईना मागून घ्या. म्हणून दर विचारताना वाक्य असं: ‘पाच माणसं, एक जादा गादी, करासहित एका रात्रीचे एकूण किती?’

अॅपवर बघा, पण खोली फोनवर ठरवा. अॅपचं कमिशन वाचतं म्हणून लहान लॉजवाले थेट बोलल्यावर थोडं कमी करतात. मात्र बोलणं तोंडी राहू देऊ नका. व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज टाका: येण्या-जाण्याची तारीख, माणसं, खोलीचा प्रकार, गादी, करासहित एकूण, चेक-इनची वेळ, दिलेली आगाऊ रक्कम. समोरून ‘ओके’ आलं की ते तुमच्याकडे राहतं. लग्नसराईत हे फार महत्त्वाचं. माघात मुहूर्त असतात, एखाद्या वऱ्हाडाने सगळा मजला मागितला की तोंडी बुकिंग पहिलं उडतं. शेजारी मंगल कार्यालय आहे का तेही विचारा, नाहीतर रात्री बँड.

आगाऊ एका रात्रीचे भाडे पुरे. नंबर इंटरनेटवरच्या नकाशावरून उचलला असेल तर पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर येणारं नाव बघा. लॉजचं किंवा मालकाचं नाव न येता भलतंच आलं तर थांबा. एमटीडीसीचं बुकिंग त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा आणि भक्तनिवासासाठी संस्थानाकडूनच नंबर घ्या, कारण अशा नावांच्या हुबेहूब खोट्या साइट्स बनतात. ‘परतावा देतो, पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

एसटीत तुम्हाला चांगला फायदा आहे. महिलांना अर्धं तिकीट, त्यात तुम्ही आणि सासूबाई दोघी आल्या. मुलं ५ ते १२ मधली, त्यांचंही अर्धं. म्हणजे एक पूर्ण आणि चार अर्धी, पाच माणसांना तीन तिकिटांचे पैसे. मुलांच्या वयाचा पुरावा आणि सासूबाईंचं आधार जवळ ठेवा. लॉजवरही प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं.

---

शेवंतीची_वेणी

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. दुसऱ्या लॉजला फोन केला. लिफ्ट नाही, १८ पायऱ्या, मध्ये एक वळण, कठडा आहे. कमोड आहे. गिझर विजेचा. चेक-इन दुपारी १२, चेक-आउटही १२. सासूबाई म्हणतात दिवसातून दोनदा चढेन, जास्त नाही.

आता दोन प्रश्न. कोकणकन्येने येऊ का, रात्रीचा प्रवास म्हणजे एक दिवस वाचेल? आणि गावातली ठिकाणं कुठल्या क्रमाने बघू?

---

जांभा_चिरा

कोकणकन्या रत्नागिरीला पहाटे पोचते. चेक-इन १२ ला. मधले सहा-सात तास एकतर आदल्या रात्रीचं भाडं भरा, नाहीतर स्टेशनवर बसा. ७२ वर्षांच्या माणसाला घेऊन दोन्ही नको. सकाळची मांडवी एक्स्प्रेस ठाण्याला किंवा पनवेलला पकडा, ती दुपारी पोचवते, खोली तयार असते. दिवसाचा प्रवास म्हणजे मुलांना बोगदे, पूल आणि नद्या बघायला मिळतात तो फायदा वेगळाच. परतीलाही मांडवी दुपारीच आहे: बाराला खोली सोडायची, जेवायचं, स्टेशन गाठायचं. रिकामा वेळ कुठे उरत नाही.

आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी ८ ला उघडतं. २३ च्या गाडीचं २४ नोव्हेंबरला, २६ च्या परतीचं २७ नोव्हेंबरला. आयआरसीटीसीचं खातं त्याआधी आधारशी जोडून पडताळणी करून ठेवा, कारण आरक्षण उघडल्यावर सुरुवातीच्या वेळेत तशाच खात्यांना तिकीट मिळतं. सुट्टी जोडून आलेली असल्याने साडेआठला बसलात तर वेटिंग लागेल. स्टेशनवरून लॉजपर्यंत दोन रिक्षांऐवजी एखादी ईको व्हॅन मिळते का ते लॉजवाल्यालाच विचारा, सामानासकट पाच जण एका फेरीत जातात.

क्रम असा ठेवा की जिना दोनदाच चढावा लागेल.

शुक्रवार: दुपारी पोचून विश्रांती. संध्याकाळी मांडवी, जेट्टीच्या बाजूला बसायला जागा आहे, सासूबाईंना चढ-उतार नाही.

शनिवार: सकाळी आधी थिबा राजवाडा. तो शनिवारीच उरका, कारण संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि तुमच्या सोमवारी तर २६ जानेवारीही आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा पूर्ण झाला १९१० ला, आणि राजा गेला १९१६ ला. तीस वर्षांच्या बंदिवासातली जेमतेम सहा वर्षं तो या वाड्यात राहिला. मुलांना हे आधी सांगून न्या, मग त्या रिकाम्या दालनांकडे ती वेगळ्या नजरेने बघतील. वाड्याचा जांभा दगड, वरच्या मजल्याच्या अर्धगोल खिडक्या आणि मागे उतरणारी खाडी नीट बघा. जवळच थिबा पॉइंट आहे, तिथून भाट्याची खाडी आणि राजिवडा दिसतो.

तिथून खाली उतरून टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, त्याच घरात. उतरतं कौलारू छप्पर, मोठं आवार, सासूबाईंना बसायला ओटी. मग पतितपावन मंदिर. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांनी ते बांधून दिलं, १९३१ ला खुलं झालं, सगळ्या जातींना एकत्र पूजेचा हक्क देणारं. दुपारी जेवून खोलीवर. चारनंतर रत्नदुर्ग, रिक्षा वर बालेकिल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाते. पुढे भगवतीच्या देवळापर्यंत पायऱ्या आहेत, सासूबाईंना खालीच थांबायचं असेल तर रिक्षावाल्याला थांबवून ठेवा आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवा. तटावर सगळीकडे कठडे नाहीत, मुलांचे हात धरा.

रविवार पुळ्याला, समुद्रफेण यांनी सांगितलंय तसं.

सोमवारी सकाळ मोकळी. आवराआवर, बाजारपेठेत कोकम, कुळीथ पीठ, फणसपोळी. आमसूल घेताना बोटाने दाबून बघा: मऊ आणि किंचित चिकट असलं तर या हंगामातलं, कडक होऊन मीठ वर आलेलं असेल तर जुनं.

---

हिशोबाची_वही

जेवणाचं राहिलं. शाकाहारी माणूस बरोबर असताना ‘व्हेज-नॉनव्हेज’ पाटीच्या खानावळीत जाण्यापेक्षा शुद्ध शाकाहारी वेगळी शोधा, बाजारपेठेत आहेत. सासूबाईंना कुळथाची पिठी, भात, उकडीचे मोदक मिळतील का ते सकाळीच सांगून ठेवा, मोदक बऱ्याच ठिकाणी ऑर्डरप्रमाणे करतात. सोलकढी ताज्या नारळाच्या दुधाची आहे का ते बघून कळतं: ताजी असेल तर ग्लास पाच मिनिटं ठेवल्यावर वर पांढरट थर येऊ लागतो, रंग फिका गुलाबी. भडक गुलाबी आणि एकजीव राहिली तर ती पाकिटातली.

तुम्हा बाकीच्यांना मासे हवे असतील तर थाळी मागण्याआधी आज काय ताजं आलंय ते विचारा आणि सुरमईच्या तुकडीचा दर वेगळा विचारून घ्या. थाळीच्या दरात साधारण बांगडा येतो, सुरमई-पापलेटचे वेगळे लागतात, आणि बिलावर वाद होतो तो इथेच.

---

शेवंतीची_वेणी

दुसरी खोली नक्की केली, मागच्या बाजूची. मेसेज पाठवला, ‘ओके’ आलं, एका रात्रीचे आगाऊ दिले, यूपीआयवर लॉजचंच नाव आलं. २४ नोव्हेंबरची आठवण फोनमध्ये लावली.

एकच राहिलं. सोमवारी मांडवी उशिरा असेल तर बाराला खोली सोडल्यावर सासूबाईंना कुठे बसवू?

---

जांभा_चिरा

गाडी कुठे आहे ते सकाळी दहालाच फोनवर बघा. दोन तासांपेक्षा जास्त उशीर दिसला तर लॉजवाल्याला तेव्हाच सांगा, बाराला सांगू नका. तोवर पुढचं गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर खोली तीनपर्यंत अर्ध्या भाड्यात किंवा फुकटही देतात. नाही म्हणाले तर सामान काउंटरवर ठेवा आणि सासूबाईंना घेऊन पतितपावन मंदिराच्या सभामंडपात बसा. थंड फरशी असते, पंखा असतो, आणि तिथून निघायला रिक्षा दारातच मिळते.